पायलट नाही म्हणे!

"अंकल, क्रू नहीं है."

साडेचार तास हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये बसवून ठेवल्यावर काउंटरवरच्या पोराने हे सांगितलं. तेही मी तिसऱ्यांदा विचारल्यावर, इकडेतिकडे बघत, सरकारी गुपित फोडतोय अशा आवाजात. तोवर पडद्यावर आधी 'उशीर', मग आणखी उशीर, मग 'ऑपरेशनल कारणांमुळे'. या 'ऑपरेशनल' शब्दाची मला आता शिसारी बसलीय. आमच्या कारखान्यात लूम बंद पडला की मी गिऱ्हाईकाला सांगतो, कामगार आला नाही, टॉवेल उद्या मिळतील. तो शिव्या घालतो, पण त्याला कळतं काय झालंय ते. इथे विमानाचं तिकीट काढलं म्हणून आम्हाला शुद्ध मराठीत, नाहीतर शुद्ध हिंदीत, कारण सांगायला काय जातं?

आणि विमान समोर उभं होतं हो. काचेतून दिसत होतं. पंख्यांचं, बारकं. शिडी लावलेली. हवा स्वच्छ, ढग औषधाला नाही. हिने बॅगेला ओळखू यावी म्हणून जुन्या साडीची लाल चिंधी बांधली होती. ती बॅग त्या विमानाच्या पोटात जाताना मी बघितली आणि तासाभराने तीच चिंधी खाली उतरताना बघितली. तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पण माणूस तिकिटाचे पैसे भरलेला असला की चिंधी उतरताना दिसली तरी म्हणतो, दुसऱ्या कुणाची असेल.

आम्ही निघालो होतो तिरुपतीला. नवस फेडायला नाही, बोलायला. पोरीला नोकरी लागू दे म्हणून. पोरगी काय आहे माहितीये? पायलट.

घ्या. हसा. मी पण शेवटी हसलो, पण ते रात्री दोन वाजता, उमरग्याच्या ढाब्यावर.

जुळे सोलापुरात माझ्या घरी, मागच्या खोलीत, भारत सरकारचं कमर्शियल पायलट लायसन घेतलेली माझी मुलगी दीड वर्ष बसून आहे. दोनशे तास उड्डाण पूर्ण. सगळे पेपर पास. त्यासाठी विजापूर रोडचा प्लॉट गेला, वर बँकेचं कर्ज आहे. आणि इकडे हैदराबादेत मला सांगतात पायलट नाही! माझा पाराच चढला. म्हटलं, "घर पे एक बैठी है, भेज दूँ क्या?" तर ते पोरगं, वय असेल तेवीस-चोवीस, शांतपणे म्हणतं, "एटीआर रेटेड है क्या अंकल?"

गप्प बसलो. एटीआर म्हणजे ते पंख्यांचं बारकं विमान. नाही ना ती एटीआर रेटेड. तीच तर सगळी गोची आहे.

लायसन मिळालं की पोरगी विमान उडवणार, असं मला वाटलं होतं. सगळ्या सोलापूरला तसंच वाटतं. लायसन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले आम्ही. मग कळलं की हे लायसन म्हणजे नुसती एसटीची पाटी, बस वेगळी घ्यायची. ज्या जातीचं विमान, त्याचं वेगळं टाईप रेटिंग. एअरबसचं वेगळं, एटीआरचं वेगळं. त्याचे परत पंधरा-वीस लाख, बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. आणि ते करूनही नोकरीची हमी कुणी देत नाही. जाहिरात बघा कुठलीही: अमुक विमानावर पाचशे तासांचा अनुभव हवा. अरे बाबा, विमानात बसवल्याशिवाय अनुभव येणार कुठून? माझ्या घराच्या गच्चीवर?

बरं, घरी बसली तरी खर्च थांबत नाही. वर्षातून एकदा मेडिकल. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगात नुसत्या यंत्रांकडे बघून उडवायचा परवाना, चालू ठेवायचं तर त्याची परीक्षा, त्यासाठी तासावर भाड्याने विमान. म्हणजे नोकरी नाही, पगार नाही, पण लायसनला धान्यासारखं ऊन दाखवत बसायचं, नाहीतर कीड लागते.

आणि पेपर उघडला की काय बातमी? देशाला येत्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार पायलट लागणार. मंत्रीच सांगतात. एअर इंडियाने 2023च्या फेब्रुवारीत 470 विमानं मागवली, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये 500. क्लासवाले लगेच 'बारावीनंतर पायलट व्हा' म्हणून सात रस्त्यावर बोर्ड लावायला मोकळे. त्या बोर्डावरचा तो गॉगल घातलेला हसरा पोरगा एकदा समोर यावा, बस्स.

पोरीनेच मला समजावलं की टंचाई पायलटची नाही, कॅप्टनची आहे. डाव्या खुर्चीची. तिथे बसायला वरचं लायसन लागतं, त्याला पंधराशे तास, वर कंपनीची पारख. उजव्या खुर्चीसाठी रांग लागलीय आणि डावी खुर्ची रिकामी. आता डाव्या खुर्चीतला माणूस उजव्या खुर्चीतूनच तयार होणार ना? त्याला वर्षं लागतात. ती वर्षं आणि तो पैसा कुणी घालायचा? छोट्या कंपन्या घालतात. लहान गावांना जाणाऱ्या, पंख्यांची विमानं चालवणाऱ्या. त्या पोरांना घेतात, घासतात, पुसतात, कॅप्टन करतात. तेवढ्यात मोठी कंपनी जेट दाखवते, पगार दाखवते, आणि तयार माणूस टुणकन उडी मारून जातो. आमच्या धंद्यात हेच. विणकर मी शिकवायचा, आणि शेजारच्या शेडमधल्याने हजार रुपये जास्त देऊन दिवाळीच्या तोंडावर पळवायचा. मी त्या शेजाऱ्याशी सहा वर्षं बोललेलो नाही. त्याच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो, पण जेवलो नाही.

सरकारने त्यावर उपाय काढला होता, 2017 साली. कोपायलटने सहा महिने आधी नोटीस द्यायची, कॅप्टनने एक वर्ष. एक वर्ष! तरी लोक जातातच. 2023 मध्ये अकासा विमान कंपनीचे 43 पायलट नोटिशीचा काळ न भरता निघून गेले, रोजची विमानं रद्द व्हायला लागली, कंपनी थेट मुंबई उच्च न्यायालयात. मोठ्या शहरातल्या, दमदार पैसेवाल्या कंपनीची ही कथा, तर दोन-चार विमानं घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांनी काय करावं? त्यांचे चार कॅप्टन एका महिन्यात गेले की वेळापत्रकाचं लोणचं. आणि माणसं कमी पडली की पहिला कोयता कुणावर? दिल्ली-मुंबई कुणी रद्द करत नाही. आमच्यासारख्यांचं रद्द होतं. सत्तर जण, त्यातले निम्मे बालाजीला निघालेले. हे बोंबलून बोंबलून किती बोंबलणार?

लहान गावांना स्वस्तात विमान द्यायच्या 'उडान' या सरकारी योजनेचा हिशेब कॅगने 2023 मध्ये मांडला होता. पहिल्या तीन फेऱ्यांत 774 मार्ग वाटले, त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. जे 371 सुरू झाले त्यातल्या फक्त 112 मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. सगळीकडे पायलटच नव्हता असं नाही, कुठे विमानतळच तयार नव्हतं, कुठे पैसे सुटेनात. पण हवाई चप्पलवाला विमानात बसणार म्हणून आम्हाला सांगितलं होतं. मी त्या दिवशी मुद्दाम चप्पल घालूनच गेलो होतो. पाय गारठले.

आम्हा सोलापूरकरांना तर विमान या विषयावर बोलूच देऊ नये कुणी. किती वर्षं ऐकलं, चिमणी पडली की विमान येणार! साखर कारखान्याची ती चिमणी, विमानाच्या वाटेत येणारी, तिच्यावरून मोर्चे, कोर्ट, भाऊबंदकी. एकाच घरात दोन पार्ट्या पडलेल्या मी बघितल्यात. 15 जून 2023ला पाडली. मग विमान आलं का? विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर 2024ला. प्रत्यक्ष प्रवासी विमान उडालं 9 जून 2025ला, गोव्याला. म्हणजे चिमणी पडून दोन वर्षांनी. तोवर लोक होटगी रोडला, विमानतळापाशी, गाडी थांबवून रिकाम्या आभाळाकडे बघायचे. आणि बोरामणीच्या मोठ्या विमानतळाचं तर विचारूच नका. शेतकऱ्यांनी जमिनी देऊन जमाना झाला, तिथे आता कुसळं आहेत आणि अडवायला माळढोक पक्ष्याचं नाव. माळढोक पण दिसत नाही आणि विमान पण नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं ते वेगळंच, त्यावर लिहायला बसलो तर बालाजी राहून जाईल.

तर, कूपन. रागाचा कळस इथे झाला. उशीर झाला म्हणून त्यांनी खायचं कूपन दिलं. एकाच दुकानात चालणारं. दुकानदार म्हणतो, यावर फक्त सँडविच किंवा समोसा. मी म्हटलं समोसा द्या. म्हणे समोसे संपले. मग सँडविच? ते थंडच आहे, गरम करून मिळणार नाही, मशीन बंद. हिने शांतपणे पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा काढला. त्या कूपनावर मी पाण्याची बाटली मागितली तर म्हणे पाणी कूपनात बसत नाही. ते कूपन मी अजून जपून ठेवलंय. पुरावा म्हणून. कुठे दाखल करणार माहीत नाही.

मग ते कंपनीचं मोबाईलवर उत्तरं देणारं यंत्र. 'नमस्ते! मी आपली काय मदत करू?' त्याला लिहिलं, विमान रद्द झालंय. म्हणतं, 'छान! आपल्याला तिकीट बुक करायचं आहे का?'

तीनशे रुपयांचं दर्शनाचं तिकीट, ते मी अडीच महिने आधी, मोबाईलवर डोळे लावून, साईट तीनदा बंद पडल्यावर मिळवलेलं. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली. देव थांबेल, वेळेचा स्लॉट थांबत नाही. पैसे परत नाहीत. विमानवाल्यांनी त्यांचे पैसे परत देतो म्हणून सांगितलंय, सात ते दहा कामकाजाचे दिवस. कामकाजाचे!

त्या भरात पोरीला फोन लावला. म्हटलं, बघ तुझ्या लोकांचे धंदे. तर ती उलट मलाच.

"बाबा, तुम्ही त्या मुलावर ओरडलात का?"

"मग आरती ओवाळू?"

"सकाळपासून चार-पाच सेक्टर, म्हणजे फेऱ्या, मारल्या असतील त्या पायलटांनी. मागे कुठेतरी उशीर झाला असणार, ड्युटीचे तास भरले. तास भरल्यावर उडवायचंच नसतं. आणि स्टँडबाय क्रू ठेवायला माणसं लागतात, ती नाहीत."

"एक तासाचा तर प्रश्न होता. उडवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मी असते त्या खुर्चीत, झोपेला आलेली, तर मला म्हणाला असतात का, उडव म्हणून?"

काय बोलणार यावर. नोकरी नाही, अनुभव नाही, पण युनियन लीडर आधीच झालीय. नियम तिला तोंडपाठ. पायलटची आठवड्याची विश्रांती 36 तासांची 48 केली, रात्रीची लँडिंग कमी केली. जानेवारी 2024ला कागद निघाला, पूर्ण लागू व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडलं. जवळजवळ दोन वर्षं मिळाली तयारीला. तरी 2025च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं पडली, विमानतळावर बॅगांचे डोंगर, आणि शेवटी नियमालाच सवलत द्यावी लागली. "दोन वर्षांत आमच्यासारख्यांना घेऊन तयार केलं असतं तर?" हे ती म्हणाली तेव्हा आवाज जरा बदलला तिचा. मी विषय बदलला. भाकरी खाल्ली म्हणून सांगितलं.

खरं सांगायचं तर हिचं म्हणणं होतं रेल्वेने जाऊ. सोलापूरहून गाडी आहे, डबा घ्यायचा, झोपायचं, तिरुपतीला उतरायचं. मीच म्हटलं, मुलगी पायलट आणि आपण स्लीपर क्लासने? लोक काय म्हणतील! त्यासाठी आधी सोलापूर ते हैदराबाद सहा-सात तास बसने, मग विमान एक तासाचं. हा हिशेब हिने तेव्हाच बोटांवर मांडून दाखवला होता. परतीच्या बसमध्ये तिने तो पुन्हा मांडला नाही. नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

उमरग्याला चहाला उतरलो तेव्हा मेव्हण्याचा मेसेज: 'पोहोचलात का? दर्शन झालं का? विमान पोरीनेच चालवलं की काय?' खाली तीन हसरे चेहरे. हा पुण्यात आयटीत आहे. दर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला येतो आणि दरवेळी मोठ्या आवाजात विचारतो, काय मग, लागली का पायलटिणीला नोकरी? नंदीध्वजाच्या मिरवणुकीत, हजार माणसांत. याला उत्तर काय द्यायचं ते मी जानेवारीपर्यंत ठरवतो.

घरी पोहोचलो, आंघोळ केली आणि पहिलं काम काय, तर त्या कंपनीच्या पानावर जाऊन एक तारा दिला. सव्वा पान लिहिलं, कंपनीच्या आईबापापर्यंत गेलो होतो. समोशासकट. पाठवलं आणि मगच चहा घेतला.

दुपारी पोरगी खोलीतून बाहेर आली, हातात फोन.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंय?"

"मग! सोडतो काय?"

"पूर्ण नावाने? आडनावासकट?"

"घाबरतो काय कुणाच्या बापाला?"

"बाबा, गेल्या आठवड्यात मी तिथे अर्ज केलाय. ट्रेनी फर्स्ट ऑफिसर. एटीआर. रेटिंग तेच करून देतात."

म्हणून या सगळ्या लिखाणात कंपनीचं नाव नाही. सव्वा पान पुसलं. एक ताऱ्याचे चार केले, 'कर्मचारी अतिशय नम्र' असं लिहिलं. पाचवा तारा बोलावणं आल्यावर.