ओरेगॉनची अर्धीच बाजू
लेखात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याला ‘पहिल्यापासून गुलामगिरीविरोधी’ म्हटलंय, ते मला पटत नाही. १८४४च्या ज्या कायद्याने तिथे गुलामगिरीला मनाई केली, त्याच कायद्याने काळ्या माणसांना ठरावीक मुदतीत प्रदेश सोडायला सांगितलं, नाहीतर चाबकाचे फटके! (फटक्यांची तरतूद अमलात येण्याआधीच काढली, पण हेतू तर कळलाच.) आणि मनाई असूनही गुलाम होतेच. रॉबिन होम्स या गुलामाचं उदाहरण लेखात हवंच होतं. मिसूरी राज्यातून त्याला घेऊन आलेल्या त्याच्या मालकाने, नॅथॅनियल फोर्डने, १८५० मध्ये त्याला आणि त्याच्या बायकोला मोकळं केलं, पण त्यांची मुलं मात्र स्वतःकडेच ठेवली. लिहिता-वाचता न येणारा हा बाप गोऱ्यांच्या कोर्टात गेला आणि १८५३ मध्ये जिंकला. केवढी हिंमत लागली असेल!
ओरेगॉनच्या राज्यघटनेसाठी १८५७ मध्ये झालेल्या मतदानात लोकांनी ७,७२७ विरुद्ध २,६४५ मतांनी गुलामगिरी नाकारली. त्याच दिवशी ८,६४० विरुद्ध १,०८१ मतांनी स्वतंत्र काळ्या माणसांनाही प्रवेशबंदी केली. म्हणजे बंदीला जास्त मतं! ते कलम राज्यघटनेतून १९२६ मध्ये निघालं. लेखकाने हा भाग जरूर जोडावा, ही कळकळीची विनंती.