लाट लाटावी कशी

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर सलग चार रविवार पाण्यात न पडता उभे राहता आले, की नाशिककराला समुद्राची हाक ऐकू येऊ लागते. ती आपल्यालाही आली असावी, असे गृहीत धरून हे चार शब्द लिहीत आहे. आपल्याकडे हवा भरून फुगवायची, साडेदहा फूट लांब आणि ३२ इंच रुंद अशी पॅडलबोर्डची फळी आहे, ती १५ पीएसआयपर्यंत फुगवताना जीव अर्धा करणारा हातपंप आहे, एक लांब वल्हे आहे आणि मागे डोंगर, पुढे आपण, असे एक छायाचित्रही आहे. एवढी सामग्री असताना माणसाने धरणातच येरझाऱ्या घालत राहणे हा गुणांचा अपमान होय. तेव्हा आता समुद्रच गाठला पाहिजे. तिथे एकच अडचण येते, ती म्हणजे आपल्या आधी येऊन बसलेले सर्फर.

या मंडळींची परिस्थिती आधी समजून घ्यावी, म्हणजे त्यांच्याविषयी मनात उगाच आदर निर्माण होणार नाही. त्यांची फळी जेमतेम सहा फुटांची आणि पंचवीस-तीस लिटर आकारमानाची असते, त्यामुळे तिच्यावर बसलेला माणूस जवळजवळ छातीपर्यंत पाण्यातच असतो. आपली फळी २०० लिटरच्या पुढची आहे. तिच्यावर आपण, आपला डबा आणि हट्ट धरून बसलेला भाचा, असे सर्व जण मावतात. सर्फरला पोटावर पडून दोन्ही हातांनी पाणी मागे लोटत लाटेचा वेग गाठावा लागतो, आणि लाट पुरेशी उभी झाल्याखेरीज त्याला तो गाठता येत नाही. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की लाट फुटते. म्हणून तो बिचारा ती जागा हेरून तिथेच आपल्या पाळीची वाट पाहत तिष्ठत बसतो. आपण मात्र लांब फळी आणि वल्हे यांच्या जोरावर त्याच्या पलीकडे तीस-चाळीस मीटरांवर, खोल पाण्यात उभे राहावे आणि लाट अजून नुसता उंचवटा असतानाच तिच्यावर स्वार व्हावे. ती त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यावर आधीच कोणीतरी उभे असते, आणि ते कोणीतरी म्हणजे आपण. यात कौशल्याचा वाटा किती आणि लांबीचा किती, असा खोचक प्रश्न काही जण विचारतात. द्वारका चौकात हा प्रश्न ट्रकवाल्याला कोणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

उभे राहण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो थेट भूमितीने दिलेला असल्यामुळे त्यावर कोणालाही हरकत घेता येत नाही. डोळे पाण्यापासून पाऊण मीटरवर असलेल्या माणसाला क्षितिज सुमारे तीन किलोमीटरवर दिसते. तेच डोळे पावणेदोन मीटरवर नेले, की क्षितिज पावणेपाच किलोमीटरच्या आसपास जाते. लाटा सुट्या येत नाहीत, चार-सहांच्या घोळक्याने येतात आणि मधल्या काळात समुद्र निपचित असतो. बसलेल्याला घोळका दिसेपर्यंत उभ्याने त्यातली सर्वांत थोराड लाट निवडून वल्हे टाकलेले असते. रविवारी सकाळी मिसळीच्या ठिकाणी घरातला एक जण पुढे जाऊन, टेबलापाशी उभा राहून, अजून अंघोळीला गेलेल्या नऊ जणांची जागा धरतो, ते आपण कौतुकाने पाहतोच. तीच ही विद्या आहे, फक्त इथे तर्री खारी असते.

आता नियमांविषयी. समुद्रावर नियम आहे, आणि तो जगभर एकच आहे: लाट जिथे फुटू लागते त्या टोकाच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसू नये. घुसल्यास त्याला ‘ड्रॉप-इन’ म्हणतात, आणि ते पाप समजले जाते. वळसा घालून वारंवार टोकाशी जाऊन बसणे हेही पापच, पण जरा खालच्या प्रतीचे. हा नियम आपल्याला लागू होत नाही, असे मी म्हणत नाही. उलट तो शब्दशः पाळावा, असेच सांगतो. आपण इतक्या बाहेरून लाट धरलेली असते, की टोक तयार होईल तेव्हा त्याच्या सर्वांत जवळ आपणच असतो. दर लाटेला असतो. सकाळी सहापासून साडेनऊपर्यंत, एकही लाट न चुकता, नियमाच्या चौकटीत राहून असतो. ज्यांनी नियम केला त्यांच्या डोक्यात ‘आणि एक धरल्यावर दुसरी दुसऱ्याला सोडावी’ हे वाक्य होते म्हणे. पण ते त्यांनी नियमात घातले नाही, याला आपण काय करणार?

खरे तर पाण्यात आधी कोणी उतरायचे, हा प्रश्न हास्यास्पद आहे असे इतर कोणी म्हणावे, नाशिककराने म्हणू नये. रामकुंडावर वैष्णव आखाड्यांनी आणि त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर शैव आखाड्यांनी स्नान करायचे, ही विभागणी सहज सुचली म्हणून झालेली नाही. आधी कोण, यावरून साधूंच्या आखाड्यांमध्ये रक्त सांडले, आणि पेशवाईत दोन्ही पंथांची पाणी वेगळी करावी लागली. २०१५ च्या सिंहस्थात आपण पाहिले, २०२७ मध्ये पुन्हा पाहू: कोणत्या आखाड्याची मिरवणूक आधी, तिने घाटावर यावे केव्हा आणि निघावे केव्हा, हे ठरवण्यासाठी बैठकांवर बैठका होतात, आणि तरीही कोणाची तरी भुवई वर चढतेच. विरक्तांची ही कथा असेल, तर अर्ध्या चड्डीतल्या संसारी माणसांनी लाटेवरून एकमेकांकडे डोळे वटारले, याचे नवल ते काय? सर्फर रांग म्हणतात तिला आपण मान म्हणावे, आणि मान नेहमी उभ्या असलेल्याचा असतो, असे ठामपणे सांगावे.

लाटेच्या उंचीवरून होणाऱ्या चर्चेत मात्र नाशिककराने संकोचू नये. सर्फर लाट फुटांत मोजतात खरे, पण आपसांत बोलताना घोट्याइतकी, गुडघ्याइतकी, कमरेइतकी, छातीइतकी, डोक्यावरून जाणारी, असेच बोलतात. हे ऐकून मला परक्या किनाऱ्यावर एकदम घरी आल्यासारखे वाटले. आपण पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरच मोजत आलो आहोत; पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, की त्यावरून सराफ बाजारात कोणी काय आवरायचे ते ठरते. तेव्हा ‘काल लाट केवढी होती?’ असे कोणी विचारले, तर ‘मारुतीच्या कमरेला’ असे बिनधास्त सांगावे. समोरचा गप्प बसतो. ती लाट दक्षिण गोलार्धातल्या एखाद्या वादळात जन्मून, हजारो किलोमीटर आणि कित्येक दिवस चालत आलेली असू शकते, असे मला एका सर्फरने मोठ्या भाविकपणे समजावले होते. त्यावर मी त्याला म्हणालो, की मग शेवटच्या चाळीस मीटरांसाठी आपण कशाला भांडायचे? तो हसला नाही. या लोकांत विनोदबुद्धी कमी.

वाद वाढलाच, तर इतिहास काढावा. आपल्याकडे कोणताही वाद इतिहासात नेला, की मूळ मुद्दा सुटतो. हवाई बेटांवर पूर्वी दोन तऱ्हेच्या फळ्या होत्या. ‘अलाया’ ही आखूड आणि पातळ फळी सर्वांसाठी. ‘ओलो’ ही लांबलचक, वजनदार फळी मात्र सरदार-राजांसाठी राखीव. म्हणजे लांब फळीला आधी वाट द्यावी, हा आपला उर्मटपणा नसून परंपरा आहे. पुढे विसाव्या शतकात वाइकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे गडी लांब फळीवर उभे राहून, हातात वल्हे आणि गळ्यात कॅमेरा अशा थाटात गिऱ्हाइकांची छायाचित्रे काढत. आपल्या खेळाचे मूळ छायाचित्रणात आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी नकळत किती निष्ठेने जपली आहे! २००० नंतर लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नामांकित सर्फरने हे वल्हे उचलले आणि खेळ जगभर पसरला; म्हणजे दुखणे सर्फरांच्याच घरातून बाहेर पडले. एवढ्यावरही कोणी ऐकले नाही, तर लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाचा दाखला द्यावा. उभ्याने वल्हवणे हे सर्फिंग की कॅनोइंग, यावरून दोन आंतरराष्ट्रीय महासंघ या लवादापर्यंत गेले, आणि २०२० मध्ये लवादाने ऑलिंपिकपुरता हा खेळ सर्फिंगवाल्यांच्या पदरात टाकला. स्पर्धा भरवायला कॅनोवाल्यांनाही मोकळीक ठेवली. सर्फिंग तोक्यो ऑलिंपिकमध्ये आले, आपला खेळ अजून आलेलाच नाही. पण ज्या वस्तूसाठी दोन महासंघ वकील लावतात, ती वस्तू पाण्यावर नकोशी आहे, हे सर्फरांचे म्हणणे किती विसंगत! संघटनेला आपण हवे आहोत, फक्त संघटनेच्या सभासदांना नको आहोत. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये भाडेकरूंची स्थिती याहून वेगळी नसते.

सुरक्षिततेचा मुद्दा उपस्थित होईल. तो नेहमी उशिरा उपस्थित होतो, कारण बोलणाऱ्याला आधी तोंडातले पाणी थुंकावे लागते. आखूड फळीवाला समोरून फेसाळ लाट आली, की फळीचे नाक दाबून फळीसकट लाटेखालून निघून जातो. आपली फळी अशी बुडत नाही. ती बुडत नाही, म्हणूनच तर आपण ती घेतली. तेव्हा लाट आली, की फळी सोडून स्वतः खाली बुडी मारावी. फळी पायाला बांधणारी दोरी, म्हणजे लीश, दहा फुटांची आणि फळी साडेदहा फुटांची, म्हणजे आपल्या मागे सुमारे वीस फुटांच्या टापूत त्या क्षणी जो कोणी असेल, त्याला परमेश्वर आठवतो. वल्हे कुठे जाते, हे मला आजवर कळलेले नाही. ते नंतर कोणीतरी आणून देते, चेहऱ्यावर फारसा लोभ न ठेवता. जाणते लोक म्हणतात, की बाहेर जाताना मधल्या घोळक्यातून न जाता कडेच्या खोल पाण्याने, जिथे लाट फुटत नाही तिथून जावे. पण कडेने गेलो, तर किनाऱ्यावरून आपले छायाचित्र काढणाऱ्याला आपण दिसणार कसे?

वर्तन मात्र नम्र असावे, याबाबत मी फार काटेकोर आहे. प्रत्येक लाट घेतल्यावर मोठ्याने ‘सॉरी हं’ म्हणावे. परत जाताना प्रत्येकाला हसून ‘गुड मॉर्निंग’ करावे. आपण मध्ये घुसलोच, तर ‘पार्टी वेव्ह!’ असे ओरडावे. हा त्यांच्याच भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ सर्वांनी मिळून एकाच लाटेवर आनंद लुटावा असा आहे. तो घुसणाऱ्याने ओरडायचा असतो, घुसवून घेणाऱ्याने नव्हे. ‘समुद्र कोणाच्या बापाचा आहे का?’ हे वाक्यही जवळ ठेवावे, पण जपून वापरावे. कारण किनाऱ्यावरचा एखादा पोरगा खरोखरच तिथल्या कोळ्याचा मुलगा निघतो आणि शांतपणे ‘हो’ म्हणतो.

एक सल्ला आपल्याला हटकून मिळेल, आणि तो कदापि मानू नये. कर्नाटकात मुल्कीजवळ ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात. एका बाजूला लाटा, तर दुसऱ्या बाजूला नदीचे संथ, माडांच्या सावलीतले, मैलभर उभ्याने वल्हवत जावे असे पाणी. एक बारा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. त्या सकाळी त्याला, माझ्या मोजणीप्रमाणे, एकही लाट मिळाली नव्हती. त्याने माझ्या फळीवर प्रेमाने हात ठेवला, नदीकडे बोट दाखवले आणि ‘अंकल, रिव्हर. व्हेरी गुड रिव्हर’ असे म्हणाला. लहान मुलांत पाहुण्याविषयी किती आस्था असते, ते पाहून मला भरून आले. मी नदीवर अर्थातच गेलो नाही. संथ पाण्यावर उभे राहता येते, हे मी गंगापूरला सिद्ध केलेच होते. आणि शिवाय नदीवर कोणीही नव्हते, म्हणजे मी पुढे गेलो असतो तरी मागे पडायला कोण होते?

हल्ली मात्र मी नाशिकलाच असतो. गंगापूरच्या पाण्यावर लाट अशी एकच: लांबून एखादी मोटारबोट गेली, की मागे चार बोटे उंचीची एक घडी उठते आणि काठापर्यंत सरकत येते. दोन वर्षे ती घडी मी एकट्याने, पहाटे उठून, वाट पाहून पाहून अभ्यासली. परवा एक तरुण साडेबारा फुटांची फळी घेऊन आला, माझ्या पलीकडे खोल पाण्यात जाऊन उभा राहिला आणि सकाळपासूनच्या तिन्ही घड्या त्याने उचलल्या. वर मला ‘गुड मॉर्निंग, काका’ म्हणाला. मी त्याला कडेला बोलावून घेतले आणि अत्यंत शांतपणे सांगितले, की बाळा, पाण्याचेही काही नियम असतात. जो आधीपासून बसला आहे, त्याला आधी द्यावी. तो माझ्या फळीकडे पाहत म्हणाला, की काका, मी टोकाच्या जवळ होतो. नंतर त्याने मोठ्या आपुलकीने सोमेश्वरच्या दिशेला हात केला आणि तिकडे नदीचे पाणी फार छान संथ असते, असे मला सांगितले.