लॉगिन होऊ न देण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

साइट आत घेत नसेल, तर सर्वप्रथम पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचू नका. हा पहिला नियम, आणि नीट पाळला तर पुढच्या नियमांची गरजही पडत नाही. आपण पुणेकर. पाट्या लिहिणे आपले काम, वाचणे इतरांचे. फाटकासमोर गाडी लावू नये, पत्ता विचारू नये, दार ओढावे, ढकलू नये, हे सारे ज्यांनी उभ्या महाराष्ट्राकडून वाचून घेतले, त्यांनी कुठल्याशा सर्व्हरने, म्हणजे साइट चालवणाऱ्या दूरच्या संगणकाने, लाल अक्षरांत लिहिलेल्या दोन ओळी वाचायच्या? छे. कोपऱ्यातली फुली दाबून त्या मिटवाव्यात आणि तोच पासवर्ड पुन्हा टाकावा. या खेपेस एंटर जरा जोरात दाबावा, म्हणजे माणूस सदाशिव पेठेतला आहे हे तिकडेही कळते.

त्या ओळींत काय असते ते केवळ ऐकीव माहिती म्हणून सांगतो. सर्व्हरकडेही पाट्या असतात, त्यांना आकडे असतात, आणि त्या लिहिणारा आपल्याच कुळातला असावा. 401 म्हणजे 'आपण कोण? ओळख पटली नाही'. 403 म्हणजे 'ओळखले, तरीही आत येऊ नये'. 429 म्हणजे 'बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही'. आणि 500 म्हणजे मालकांच्याच घरात काहीतरी कोसळले आहे, पाहुण्याने स्वतःला दोष देऊ नये. कधी हे आकडे पडद्यावर येतात, कधी साइट ते गिळून टाकते आणि 'समथिंग वेंट राँग' एवढेच पुटपुटते. ही पाटी मात्र आपल्याकडचा कोणीही लिहिणार नाही. काय चुकले, कोणाचे चुकले आणि पुन्हा चुकल्यास काय होईल, हे सांगितल्याशिवाय आपला खडू खाली ठेवला जात नाही.

चार पाट्या, चार वेगळी कारणे. 401 असेल तर पासवर्ड तपासावा. 403 असेल तर पासवर्ड बरोबरच आहे, त्या पानाची परवानगी तुमच्या खात्याला नाही, ती देणाऱ्याला गाठावे. 429 असेल तर हात मागे घेऊन थोडा वेळ गप्प बसावे. 500 असेल तर चहा टाकावा. तुम्ही मात्र चारही प्रसंगी एकच करा: पासवर्ड बदला. विशेषतः 429 ला. बेल वाजवू नका म्हणणाऱ्याच्या दारात बेल धरून उभे राहण्यासारखे दुसरे सुख नाही. खात्याला थोड्या वेळासाठी कुलूप लागले असेल, तर काही ठिकाणी प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर ती मुदत पहिल्यापासून मोजली जाते. त्यामुळे चिकाटी सोडू नये.

पासवर्ड बदलताना परंपरा पाळावी. गावाचे नाव, पुढे ॲटचे चिन्ह, पुढे 411030. तीन महिन्यांनी साइट नवा मागेल तेव्हा शेवटी एक उद्गारचिन्ह, त्याच्या पुढच्या तिमाहीत दोन. हा छळ कोणी सुरू केला, तर अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीतल्या बिल बर यांनी 2003 साली पासवर्डविषयीच्या सूचना लिहिल्या. इंग्रजी मोठी अक्षरे, आकडे, चिन्हे आणि ठरावीक मुदतीने बदल हे सारे त्यातूनच जगभर गेले. निवृत्तीनंतर 2017 साली बर यांनी जाहीरपणे सांगितले की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेनेही आपली सूचना फिरवली: लांब पासवर्ड चालेल, चिन्हांची सक्ती नको, आणि चोरीचा पुरावा नसताना मुदतीने बदलायला लावू नये. ही बातमी कित्येक साइटींपर्यंत अजून पोचलेली नाही. पोचेपर्यंत उद्गारचिन्हे वाढवत राहा.

तसा पासवर्ड ही चीज जन्मापासूनच बेभरवशाची. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 1960च्या दशकाच्या सुरुवातीला एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था झाली, तिचे प्रमुख फर्नांडो कोर्बाटो. ज्याची फाइल त्याच्यापाशी राहावी म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. 1962 मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात, तर त्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच यंत्राकडून छापून घेतली. पुढे 1966च्या सुमारास तर कहर झाला. दोन फाइलींची तात्पुरती नावे एकसारखी निघाली आणि त्यांची अदलाबदल झाली. लॉगिन करताच जिथे आजची सूचना दिसायची, तिथे प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. संगणकाच्या इतिहासात सूचना फलक इतका मन लावून वाचला गेल्याची दुसरी नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता टंकलेखन. पासवर्डचे ठिपके दिसतात, अक्षरे दिसत नाहीत, याचा पुरेपूर लाभ घ्या. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरविषयी खरमरीत मराठी लिहिले असेल, तर इन्स्क्रिप्टचा कळफलक तसाच चालू ठेवा. ठिपक्यांना लिपी नसते. कॅप्स लॉक चालू आहे, असा इशारा चौकटीजवळ आला तर त्याकडे दुर्लक्ष करा (पाहा: पहिला नियम). पासवर्ड व्हॉट्सॲपवरून कॉपी करून चिकटवताना मागे एक रिकामी जागा येते, ती येऊ द्या. शेजारी डोळ्याचे चित्र असते, ते दाबले की टाइप केलेली अक्षरे उघडी दिसतात. म्हणूनच ते दाबू नये. आणि ब्राउझर जुना पासवर्ड आपणहून भरत असेल तर त्याला अडवू नका. त्याने तो मागच्या दिवाळीत जपून ठेवला होता, त्याच्याही भावना असतात.

पासवर्ड चिकटवूच न देणाऱ्या साइटींबद्दल मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगतो: हा शुद्ध आडमुठेपणा आहे. पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ॲपमध्ये, वीस अक्षरांचा पासवर्ड सांभाळणाऱ्या शहाण्या माणसाला शिक्षा, आणि गावाचे नाव व पिनकोडवाल्याला मोकळे रान.

आता कुकीज. यात खरी गंमत आहे, म्हणून जरा निवांत बसतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात तिला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक पान उघडताना सर्व्हरच्या लेखी तुम्ही नव्यानेच उगवलेले असता. लॉगिन करून पुढच्या पानावर गेलात की पुन्हा अनोळखी. 1994 साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी यावर उपाय काढला: सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी, म्हणजेच कुकी, ब्राउझरकडे द्यायची, ब्राउझरने ती दर वेळी परत दाखवायची. तुम्ही आत आहात याचा पुरावा म्हणजे तेवढी चिठ्ठी. ती हरवली, जुनी झाली किंवा ब्राउझरने ठेवून घ्यायलाच नकार दिला, की साइट तुम्हाला लॉगिनच्या पानावर पाठवते, लॉगिनचे पान आत पाठवते, आत पोचलात की चिठ्ठी नाही म्हणून पुन्हा बाहेर. काही फेऱ्यांनंतर ब्राउझर स्वतःच दमून सांगतो की फार वेळा इकडेतिकडे पाठवले गेले. स्वारगेटहून निघून स्वारगेटलाच उतरायचे असेल तर या मार्गासारखा मार्ग नाही.

हे साधायचे कसे? जाहिराती अडवणारी तीन एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायची उपकरणे, एकदम लावा. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या कुकीज बंद करा, आणि आपण बंद केल्या हे विसरून जा. लॉगिनचे पान एका पत्त्यावर आणि मूळ साइट दुसऱ्याच पत्त्यावर अशी जोडी असेल, तर परक्या पत्त्याच्या कुकीज अडवणारे आजचे ब्राउझर तुम्हाला फुकटात मदत करतील. ॲपलच्या सफारीने 2020 पासून त्या सरसकट अडवल्या आहेत.

तरीही कोणी तज्ज्ञ 'कुकीज क्लिअर करा' म्हणालाच, तर अर्धवट करू नका. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारली तर फक्त त्या एका साइटचा साठा पुसता येतो, बाकीच्या साइटींना धक्का लागत नाही. इतका भेकडपणा आपल्याला शोभत नाही. 'ऑल टाइम' निवडा, सगळ्या चौकटींत खुणा करा, जपून ठेवलेल्या पासवर्डच्या चौकटीतही, आणि पुसा. मुहूर्त म्हणून प्राप्तिकराच्या विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेची रात्र, साडेअकरा. बँक, ईमेल, डिजिलॉकर, सगळीकडून एका दमात बाहेर. पासवर्ड रिसेट करायचा दुवा ईमेलवरच येतो, हे त्या क्षणी उमगेल.

खासगी खिडकी, म्हणजे इनकॉग्निटो, चुकूनही उघडू नका. तिथे जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेन्शन्सही बहुधा झोपलेली असतात. तिथे लॉगिन झाले तर दोष जुन्या कुकीत किंवा एक्स्टेन्शनमध्ये आहे हे अर्ध्या मिनिटात सिद्ध होते, आणि मग सर्व्हरला शिव्या देण्याचा हक्क जातो.

घड्याळाकडे वळू. घरातल्या जुन्या डेस्कटॉपच्या आत सीआर2032 नावाची बटणाएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज जाऊन आल्यावर संगणक काही वर्षे मागच्या तारखेत जागा होतो. साइट खरी असल्याचे जे प्रमाणपत्र ब्राउझर तपासतो, त्याला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा असतात. संगणकाच्या मते ते अजून सुरूच झालेले नसते, म्हणून तो दारच उघडत नाही. इथे क्रोम उघड लिहितो: तुमचे घड्याळ मागे आहे. पुणेकराला कोणी तुम्ही मागे आहात म्हणावे आणि त्याने ऐकून घ्यावे? खिडकी बंद. लॉगिनसाठी जादा आकडे देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचे सहा आकडे फोनच्या घड्याळावरून दर तीस सेकंदांनी बदलतात, त्यामुळे फोनची वेळही हाताने लावून पाच मिनिटे पुढे ठेवावी. लग्नाला वेळेवर पोचायला उपयोग होतो.

ओटीपीसाठी फोन घेऊन गॅलरीत जा, रेंज तिथेच असते. दहा सेकंदांत आला नाही तर 'रिसेंड' दाबा, लगेच पुन्हा दाबा. बहुतेक ठिकाणी शेवटचाच ओटीपी चालतो, आणि सगळ्यात आधी पोचतो तो पहिला. तो टाका. चुकीचा निघाला की रिसेंड.

इतके करूनही धीर सुटला, तर कंपनीच्या नावापुढे 'कस्टमर केअर नंबर' लिहून शोधा आणि सगळ्यात वरचा नंबर फिरवा. तिथे लगेच फोन उचलतात, गोड बोलतात, 'काका' म्हणतात. खऱ्या मदत केंद्रात यातले काहीच होत नाही, त्यावरूनच ओळखायला हवे होते. पण आपण वाचत नाही, तसे ओळखतही नाही. काका म्हणणारा मुलगा स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला सांगेल, मग ओटीपी विचारेल. ओटीपीच्या मेसेजमध्येच तो कोणालाही सांगू नये असे लिहिलेले असते. ती पाटी आपण कधी वाचली होती? पैसे गेल्यावर 1930 हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय क्रमांक असतो, आणि तिथे जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी दोन दिवस सोसायटीत कोणाला कळू नये याची काळजी घ्या.

यापेक्षा हिंजवडीतला भाचा बरा. तो तिथे बँकांच्या डेटाबेसवर काम करतो की चाचण्या घेतो हे विचारू नका. कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढे पुरे. त्याला रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर बोलवा. 'काय एरर येतो मामा?' असे तो विचारेल. 'काहीतरी येतो' असे सांगा. तो खासगी खिडकी उघडेल, लॉगिन होईल. मग नेहमीच्या खिडकीत त्या एका साइटच्या कुकीज पुसेल, तिथेही होईल. 'मी हेच करणार होतो' म्हणा, आणि त्याला कॉफी विचारा, घेणार नाहीस ना, अशा सुरात.

तो गेल्यावर साइट अदबीने विचारेल, हा संगणक लक्षात ठेवू का? नको म्हणावे. त्यांना काय करायच्या आहेत नसत्या चौकशा?