सदर माटोळी

चवथ जवळ आली की आमच्या गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी लेखकांची धरपकड सुरू होते. यंदा बाईंनी मला गोव्यातल्या आमच्या म्हार्दोळच्या बसस्टॉपवरच गाठलं. "कॉलेजात असताना किती छान लिहायचास रे!" बाईंनी मला सातवीत मराठी शिकवलंय, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. इंजिनिअर झाल्यापासून, म्हणजे गेली २२ वर्षं, मेजरमेंट बुक (साइटवरच्या कामाची मापं टिपायची वही) सोडून मी कशातही काही लिहिलेलं नाही, हे सांगायचा धीर झाला नाही.

विषय लगेच सुचला. बाबा बांधायचे ती माटोळी. गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला केवणीच्या (रानातल्या एका झुडपाच्या सालीच्या) दोरांनी बांधलेले नारळ, सुपारीचा घोस, तोरिंगं, चिबूड आणि रानातली नाना फळं. (आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि लिहिणं मराठीत. मी मधल्या काळात दोन्ही भाषांत फक्त सिमेंट मागवलं.)

ड्रॉइंगवर अक्षरं काढून हात असा बसलाय की शिरोरेषा जरा कललेली दिसली की झोप लागत नाही. म्हणून पट्टी घेतली. दोन तासांत चार ओळी झाल्या, पण शिरोरेषा अशी की वर वीट रचावी. मग वाचून पाहिलं.

"सदर माटोळी चतुर्थीच्या आदल्या दिवशी एका अनुभवी इसमाकडून बांधण्यात आली. काम समाधानकारक असल्याचे आढळून आले."

दोष माझा नाही, धंद्याचा आहे. आमच्या अहवालात कोणीच काही करत नाही. स्लॅबला तडे 'आढळून येतात', पाणी 'झिरपताना दिसते'. जो 'मी' लिहील त्याच्या पगारातून ते कापलं जाण्याची शक्यता असते.

मग भावना आणायच्या म्हणून आकडेमोड केली आणि सामानाचा तक्ता जोडला. नारळ ९, दीड किलोचा एकेक. सुरक्षेसाठी आयएस ४५६ हा काँक्रीट बांधकामाचा भारतीय कोड काँक्रीटला १.५ आणि पोलादाला १.१५ हा गुणक देतो. केवणीला किती धरायचा? कोड गप्प. बाबांची पद्धत म्हणजे दोराला एक हिसका द्यायचा आणि "जालें!" म्हणून स्टुलावरून उतरायचं.

एका वर्षी ऐन आरतीत चिबूड सुटला आणि थेट भटजींच्या ताम्हनात उतरला. माझ्या लेखात: "एक चिबूड स्थानभ्रष्ट झाल्याचे आढळून आले."

तो चिबूड मी बांधला होता. दहा वर्षांचा होतो, हट्टाने स्टुलावर चढलो होतो. भटजींनी वर पाहिलं तेव्हा बाबा म्हणाले, "गांठ म्हजी चुकली." हा परिच्छेद लिहायला तीन रात्री गेल्या. त्यातली एक 'मी' हा शब्द खोडून 'अधोस्वाक्षरीकार' करण्यात आणि परत 'मी' करण्यात गेली. या परिच्छेदाला पट्टी लावायची राहून गेली.

देण्याआधी आईला वाचायला दिला. तिने चष्मा लावून अख्खा लेख वाचला, तक्त्यासकट.

"हो इसम कोण रे?"

"बाबा."

बराच वेळ ती त्याच पानावर होती. मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "आनी आंबाडे खंय? बिलांत घालूंक ना तुवें."