आठ की नऊ?

"अहो, पाय हलवू नका हो!"

मोबाइलवरून बूट मागवायचे होते. म्हणून मी भिंतीला टाच टेकवून मुलाच्या चित्रकलेच्या कागदावर उभा आणि बायको माझ्या पावलाभोवती पेन्सिल फिरवतेय. पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागात शिरली की मला भयंकर गुदगुल्या होतात. तिसऱ्या प्रयत्नात उमटलेली आकृती पावलापेक्षा फणसाच्या जास्त जवळची होती. पट्टी लावली. २६.४ सेंमी.

आमचे आजोबा बाजाराला जाताना घरातल्या प्रत्येकाच्या पावलाएवढा खराट्याचा हीर मोडून बंडीच्या खिशात टाकत. दुकानात हीर चपलेवर ठेवायचा, बसला की पैसे मोजायचे. चप्पल पुढे महिनाभर चावायची, पण तो दोष चपलेचा नसून आमच्या नाजूकपणाचा मानला जाई.

माझ्याकडे आता हिराऐवजी आकडा होता. तो घेऊन मोबाइलवरच्या मापांच्या तक्त्यात शिरलो आणि चुकलो. एकाच बुटाला ब्रिटन आठ म्हणतं, अमेरिका नऊ म्हणते, युरोप बेचाळीस. युरोपचा एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. ब्रिटिशांचा नंबर तर जवाच्या दाण्यावरून आलाय, एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. साहेब १९४७ साली गेला, पण जाताना आपल्या पायाखाली जव पसरून गेला! चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखभर भारतीयांचे पाय मोजून 'भा' नावाची देशी मापं सुचवलीत म्हणे. आपले पंजे रुंद असतात, हेही त्यात निघालं. ते मला माझी करंगळी गेली तीस वर्षं सांगतेय.

२६.४ला एक तक्ता सात म्हणाला, दुसरा आठ. खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय. 'एक नंबर मोठा घ्या.' त्याच्याच खाली, 'एक नंबर लहान घ्या.' तिसऱ्याने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून घातले नाहीत, खोका छान आहे.'

मी मध्यममार्गी माणूस. आठ मागवले.

उजवा असा बसला की वा! डाव्यात मात्र अंगठा पुढच्या भिंतीला जाऊन थडकला. आमच्या गल्लीतला दुकानदार बुटाच्या टोकावर अंगठा दाबून, छताकडे बघत, डॉक्टरच्या थाटात 'जागा आहे' म्हणायचा, त्याची फार आठवण आली. "मोजताना सकाळ होती. संध्याकाळी पाय सुजतात," इति बायको. हे तिने मोजायच्या आधी सांगितलं असतं तर? पण हा प्रश्न मी मोठ्याने विचारला नाही.

आठचे परत न्यायला सांगितले आणि घाईघाईत नऊचा जोड वेगळा मागवला. परत न्यायला कोणी यायच्या आत तोही येऊन पडला. डावा पाय झकास बसला. उजवा होडीत बसल्यासारखा.

पुन्हा कागद काढला. डावं पाऊल मोजलं. २७.१! आपण दोन वेगवेगळे पाय घेऊन हिंडतोय, हे पन्नाशीत कळलं. मग मला न राहवून मी उजव्या पायात आठ आणि डाव्यात नऊ चढवला. दिवाणखान्यात चार फेऱ्या मारल्या. काय सांगू, ढगावर चालल्यासारखं वाटलं. पाचव्या फेरीला बेल वाजली.

दारात परत न्यायला आलेला मुलगा. त्याने मोबाइलमध्ये बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, मागे पडलेल्या दोन एकट्या बुटांकडे बघितलं.

"काका, ह्यातला परत कुठला द्यायचाय?"