‘गर्दीत माणुसकी मरते’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

आमच्या गावभागातल्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी एक मजकूर नव्याने येऊन पडतो आणि त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. त्याचा सारांश असा : १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीवर भररस्त्यात अर्धा तास वार होत होते, अडतीस शेजारी खिडकीतून पाहत राहिले आणि एकानेही पोलिसांना कळवले नाही, पुढे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले की बघे जितके जास्त तितकी मदत कमी, गर्दीत माणसाची बुद्धी आणि माणुसकी दोन्ही जातात, म्हणून रस्त्यात कोणी पडलेला दिसला तरी शहाण्याने थांबू नये, नसते झेंगट मागे लागते. मी सांगलीत बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवतो, आणि यातला पहिला अर्धा भाग पूर्वी मीही वर्गात जवळपास असाच सांगत असे. त्यामुळे हे उत्तर थोडे स्वतःलाही आहे.

आधी ती घटना. किटी जेनोव्हीस या २८ वर्षांच्या तरुणीचा खून १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात झाला, एवढे खरे आहे. अडतीस हा आकडा मात्र दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलेल्या बातमीतून आला. त्या बातमीत तीन हल्ले होते. प्रत्यक्षात दोन झाले. पहिला रस्त्यावर झाला, तेव्हा वरून एकाने ओरडून दटावले आणि हल्लेखोर पळाला. जखमी किटी इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली, आणि परत आलेल्या हल्लेखोराने तिला गाठले ते जिन्याच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, जिथले समोरच्या खिडक्यांतून काही दिसणे शक्यच नव्हते. थंडीचे दिवस, बंद खिडक्या, झोपमोड झालेली माणसे. बहुतेकांनी पाहिले काहीच नव्हते, फक्त तुटक आरडाओरडा ऐकला होता. एकदोघांनी समजूनही कच खाल्ली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सोफिया फॅरर ही शेजारीण, हल्लेखोर गेला आहे की तिथेच आहे याची खात्री नसताना, धावत खाली आली आणि किटीला धरून बसली. फिरत्या मजकुरात तिचा उल्लेख कधीच नसतो. आपली जुनी बातमी सदोष होती, हे त्या वृत्तपत्राने पुढे २०१६ साली छापून मान्य केले.

आता ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ या वाक्याकडे वळतो, कारण खरी गफलत तिथे आहे. जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलत होते, आणि बोलता बोलता एकाला अपस्मारासारखा झटका आल्याचा आवाज (तो आधी ध्वनिमुद्रित केलेला होता) त्यांच्या कानी पडला. ‘ऐकणारा मी एकटाच आहे’ असे ज्यांना वाटत होते त्यांपैकी ८५ टक्के जण झटका संपण्याच्या आत मदतीसाठी उठले. ‘आणखी चौघे ऐकत आहेत’ असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. मजकूर इथे थांबतो, संशोधक मात्र थांबले नाहीत. न उठलेल्या मुलांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता, आणि खोलीत कोणी आल्याबरोबर ती मुले ‘त्याला कोणी पाहतंय ना?’ असे विचारत होती. याला बेफिकिरी म्हणता येत नाही. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला तिचा तुकडाच आला, असा अर्थ त्या दोघांनी लावला.

शिवाय हे आकडे एकेका माणसाविषयी आहेत, पडलेल्याला मदत मिळण्याविषयी नाहीत. साधा हिशेब मांडून पाहा. पाचही जण खरेच ऐकत असते आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे ३१ टक्के शक्यतेने उठला असता, तर पाचांपैकी एकही न उठण्याची शक्यता सुमारे १६ टक्के येते. म्हणजे कोणी ना कोणी धावण्याची शक्यता ८४ टक्के, जवळपास एकट्या माणसाइतकीच. खऱ्या जगात माणसे एकमेकांकडे पाहून ठरवतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य. पण ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या भांडणांची २१९ सीसीटीव्ही चित्रणे तपासणारा अभ्यास २०१९ साली आला, आणि त्यात दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी माणूस मध्ये पडलेला दिसला. बघे जितके जास्त, तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त होती.

मग इतरांच्या असण्याने काहीच बिघडत नाही का? बिघडते, आणि ते मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. त्याच दोघा संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला, तेव्हा एकट्या माणसांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितले; पण शेजारी दोन माणसे, आधी ठरवून, निवांत बसवली होती तेव्हा फक्त १० टक्क्यांनी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली, त्या संध्याकाळी आम्ही सगळे आपापल्या कट्ट्यावर उभे राहून गटारातून उलटे येणारे पाणी पाहत होतो. प्रत्येकाच्या पोटात गोळा होता आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते : ‘२००५ ला इथवर आलं नव्हतं.’ शेजारी सामान हलवत नाहीत, म्हणजे घाबरण्यासारखे नसावे, असे त्यांच्याकडे पाहून आम्ही ठरवले, आणि आमच्याकडे पाहून त्यांनी. शेवटी कोपऱ्यावरच्या काकूंनी कोणाला न विचारता गॅसची टाकी आणि ज्वारीचे पोते माडीवर चढवायला काढले, आणि अर्ध्या तासात अख्खी गल्ली हलली. पाणी पुढे ५७ फुटांच्या वर गेले. त्या आठवड्यात अनोळखी पोरांनी काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत) बसवून म्हातारी माणसे बाहेर काढली, आणि जत-आटपाडीकडच्या, म्हणजे ज्यांना आम्ही एरवी दुष्काळी म्हणतो त्या माणसांनी भाकऱ्यांच्या पाट्या आणून दिल्या. कट्ट्यावर थिजलेली माणसे आणि धावणारी माणसे एकाच गर्दीतली होती. फरक पडला तो प्रसंग कसा वाचला गेला आणि पहिले पाऊल कोणी टाकले याने.

‘गर्दीत बुद्धी जाते’ हे मत फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल बाँ यांनी १८९५ साली मांडले आणि ते आजही तसेच उचलले जाते. मजकुराच्या एका आवृत्तीत तर त्याला मांढरदेवचा दाखला जोडलेला असतो. वाई तालुक्यातल्या त्या डोंगरावर २५ जानेवारी २००५ रोजी अडीचशेहून अधिक भाविक चेंगराचेंगरीत दगावले. अरुंद चढ, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने, त्यांना लागलेली आग. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसे दाटली की कोणाचेच पाय स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत, आणि मागच्यांना पुढे काय झाले ते कळत नाही. अशा ठिकाणी माणसे बहुधा छाती दाबली जाऊन गुदमरून मरतात. त्यांना बेभान म्हटले की वाट रुंद करण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून हा मुद्दा मला नुसता चुकीचा नव्हे, सोयीचाही वाटतो.

राहिला ‘झेंगट’ हा मुद्दा, आणि तो निव्वळ जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्याने नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि दवाखान्याला त्याला अडवून ठेवता येत नाही. खंबाटकी घाटात किंवा मिरज रस्त्यावर दुचाकी घसरून कोणी पडला आणि भोवती कोंडाळे जमले, तर ‘कोणीतरी फोन करा’ अशी हाक मारू नका. त्या हाकेची पाच जणांत वाटणी होते. एकाकडे बोट दाखवा : ‘दादा, निळा शर्ट, तुम्ही १०८ ला फोन लावा.’