हिरवळ सरकते, पण त्यामागचं गणित?

बहुउद्देशीय मैदानांवरच्या लेखात लंडनच्या टॉटनहॅम या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमबद्दल 'हिरवळ सरकते आणि खाली कृत्रिम मैदान आहे' एवढंच आलंय. खरं कौशल्य बारकाव्यांत आहे. हिरवळीचे लांबीच्या दिशेने तीन भाग केलेत, प्रत्येक ३००० टनांहून जड. ते दक्षिण गॅलरीखाली जातात. साधारण २५ मिनिटांचं काम. सांधा जरासा उंचसखल राहिला तरी चेंडू उसळणार, म्हणून जुळणी अगदी नेमकी लागते. आत ऊन नाही, त्यामुळे गवतासाठी दिवे आणि पाण्याची सोय तिथेच करावी लागते. नुसतं झाकून ठेवलं तर गवत पिवळं पडतं.

कृत्रिम मैदान सुमारे १.६ मीटर खाली आहे, तेही विचारपूर्वक. त्यावर अमेरिकन फुटबॉल खेळतात आणि त्यात राखीव खेळाडू आणि प्रशिक्षकांचा घोळका कडेला उभा असतो. मैदान खाली असलं की पुढच्या रांगेला त्यांच्या डोक्यांवरून दिसतं.

अ‍ॅथलेटिक्सच्या धावपट्टीचं मात्र लेखात नावच नाही! बहुउद्देशीय मैदानाची सगळ्यात मोठी अडचण तीच. वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर, सरळ भाग ८४.३९ मीटर आणि १.२२ मीटरच्या आठ मार्गिका, म्हणजे १०५ मीटरच्या फुटबॉल मैदानात गोलपोस्टमागचा प्रेक्षक किमान ३६ मीटर लांब. पॅरिसच्या स्टाड द फ्रान्समध्ये यासाठी खालची गॅलरीच मागेपुढे सरकते. पुण्यातल्या बालेवाडी स्टेडियममध्ये तशी सोय नाही, म्हणून तिथे फुटबॉल बघताना खेळ दूर वाटतो.